दुकान वाढवलं

सगळ्यात आधी अम्मांचं सांगते. बंगलोरला आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो, त्या घरमालकीणबाई म्हणजे अम्मा. नात्याच्या ना गोत्याच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हतं, आणि आम्हा दोघींचं हिंदी ऐकून हिंदी माणसानं कानात बोटं घातली असती. अक्काची माझी शेवटची भेट झाली ती या बाईमुळे. काय झालं ते पुढे येईलच. पण अक्काची शिकवण अशी होती, की ज्यानं पाणी दिलं त्याचं नाव आधी घ्यावं, तहान किती लागली होती ते मागाहून सांगावं.

अक्का माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. नाशिकला मखमलाबाद रस्त्याला आमचा फुलांचा मळा होता. आजूबाजूच्या मळ्यांतले सगळेच तिला अक्का म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. लग्न होऊन ती सिन्नरकडे गेली होती. थोड्याच वर्षांत कपाळ मोकळं करून परत आली. पुढचं सगळं आयुष्य तिनं आमच्या मळ्यात आणि सराफ बाजारातल्या एका लाकडी फळीवर काढलं. ती फळी म्हणजेच तिचं दुकान. दोन दगडांवर टेकवलेली, फुलांच्या पाण्यानं काळी पडलेली. सुरुवातीला ती पाटी डोक्यावर घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठानं, फिरून फुलं विकायची, मग केव्हातरी त्या बोळाच्या तोंडाशी तिनं फळी टाकली आणि तिथून तिला कोणी उठवू शकलं नाही. गंगेला पूर आला की पाणी बाजारात शिरायचं. तेव्हा ती फळी उचलून शेजारच्या दुकानाच्या पायरीवर ठेवायची आणि पाणी ओसरलं की पुन्हा जागच्या जागी.

माझी आई धाकट्याच्या बाळंतपणात गेली. तेव्हापासून मला आणि भावाला अक्कानंच वाढवलं. "वाढवलं" हा शब्द मी इथं सहज लिहून गेले, पण माझी सगळी गोष्टच या एका शब्दाची आहे. म्हणून थोडं थांबून सांगते.

अक्काला संपलं, फुटलं, बंद झालं असले शब्द घरात चालायचे नाहीत. तांदळाचा डबा रिकामा झाला की तांदूळ वाढले. कुंकवाची कोयरी पालथी झाली की कुंकू वाढलं. संध्याकाळी उरलेली फुलं टोपलीत भरायची, फळीवर पाण्याचा हात फिरवायचा, एक झेंडू मधोमध ठेवायचा आणि म्हणायचं, "चल गं, दुकान वाढव." फळी रातभर उपाशी ठेवू नये म्हणून तो एक झेंडू. ही रीत काही तिच्या एकटीची नव्हती, आपल्याकडं जुनी माणसं असंच बोलतात. पण अक्का त्या बाबतीत फार कडक.

लहानपणी एकदा हौदावर माझी काचेची बांगडी फुटली. मी रडत तिच्याकडं गेले.

"अक्का, माझी बांगडी फुटली."

"फुटली नाय म्हणायचं. वाढली म्हणायचं."

"वाढली तर मग दुसरी कुठंय?"

अक्का एवढी हसली की तिच्या हातातल्या हाराची सुई खाली पडली. मला त्या हसण्यानं जोर चढला. मी विचारलं, "तुझ्या पण वाढवल्या का गं बांगड्या?"

तिनं सुई उचलली, दोरा दातानं ओला केला. "व्हय. गंगेवर नेऊन वाढवल्या. एवढ्या वाढवल्या का पुन्हा भरायची गरजच नाय पडली."

त्या वयात मला वाटलं तिनं विनोद केला. मीही हसले. ती पण हसत होती, म्हणून चालून गेलं.

लग्नसराईत तिच्या फळीसमोर गर्दी असायची. नवरानवरीचे हार, मुंडावळ्या, वेण्या. सगळं ती करायची, पण स्वतःच्या केसात तिनं कधी पाकळीसुद्धा खोवली नाही. दुपारी डुलकी लागली आणि वाऱ्यानं एखादं शेवंतीचं फूल अंबाड्यावर पडलं, तर जागी होऊन आधी ते झटकायची. एकदा एक बाई लग्नाचा हार हातात घेऊन तिच्या कपाळाकडं बघत म्हणाली, "हार तुम्हीच केला का?" मी शेजारी बसलेली. अक्का म्हणाली,

"नाय बाई, झेंडूनं केला. म्या नुसती सुई धरली व्हती."

बाई हार घेऊन गेली. अक्कानं पुढच्या हाराला सुई लावली.

शाळा माझी नववीत सुटली. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आमच्याकडं घरातला कोणीच माणूस मोकळा नसायचा; पहाटे तोडणी, मग बाजार. शाळेत खाडे पडले, गणितात नापास झाले, आणि पुन्हा त्या वर्गात लहान पोरींबरोबर बसायची लाज वाटली. अक्का म्हणाली होती, "जा गं, बस. लाज काय, बाकच तर हाय." मी नाही गेले. ती पुन्हा म्हणाली नाही. पुढे सुचेल तसं वाचत राहिले, हारांना गुंडाळायला येणाऱ्या रद्दीतलं सुद्धा. माझं लिहिणं जे काय आहे ते तेवढंच.

विंचूरकडचं स्थळ आलं. हे तिथल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडं कामाला होते, आणि माल बंगलोरला जायचा म्हणून तिकडच्या वखारीवर यांची नेमणूक. लग्न झालं आणि मी बंगलोरला गेले. निघताना अक्कानं मला हाराची लांब सुई दिली. "तिकडं फुलं असतीलच की," म्हणाली. "हात चालू ठेव. हात थांबला का डोकं चालाया लागतं, आन् तुझं डोकं लय वाईट हाय."

खरं होतं ते. माझा स्वभावच भित्रा. दाराला कुलूप लावून पुन्हा ओढून बघायचं, गॅसचं बटण बंद केलं का ते बघायला जिना चढून परत जायचं. कोणाचा फोन आला असं नुसतं कळलं, तरी आधी मेलं कोण असा विचार मनात.

बंगलोरची ती माडी म्हणजे एक खोली आणि पुढे गच्ची. गच्चीला लागून नारळाचं झाड. हे सकाळी वखारीवर गेले की थेट रात्रीच यायचे, कधी माल उतरवायला दुसऱ्या गावी गेले की चार-चार दिवस नसायचे. दिवसभर माझ्या तोंडातून एक शब्द निघायचा नाही. भाजीवाल्याकडं बोट दाखवायचं, तो बोटांनीच भाव सांगणार. नळावर बायका बोलत असायच्या, हसायच्या. माझ्यावर हसतात की आणखी कशावर, ते कळायचं नाही. मळ्यात कशी माणसं एका शेतातून दुसऱ्या शेतात ओरडून बोलतात! इथं मी माझाच आवाज विसरेन की काय असं वाटायचं. मग दार लावून घ्यायचे आणि मोठ्यांदा म्हणायचे, "चल गं, दुकान वाढव." कोणाला म्हणायचे कोण जाणे.

फुलं होती, भरपूर होती. पण तिकडच्या बायका सुई वापरतच नाहीत, बोटांनी गाठी मारत वेणी बांधतात. अक्काची सुई डब्यात पडून राहिली.

अम्मा खालच्या मजल्यावर राहायच्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, केसात रोज अबोलीची वेणी. त्यांचे यजमान निवृत्त, दिवसभर पेपर घेऊन कुरकुरत बसायचे. मी जिन्यातून उतरले की अम्मा विचारायच्या, "ऊटा आय्ता?" पहिले काही दिवस मला वाटायचं, या मला उंटाचं काहीतरी विचारतात. मी आपली मान हलवून सांगायची, "नहीं अम्मा, उंट नहीं." त्यांना वाटायचं, पोरगी जेवलेली नाही. मग ताटली यायची. ऊटा आय्ता म्हणजे जेवण झालं का, हे मला कळेपर्यंत मी त्यांच्याकडं किती वेळा जेवले असेन! कळल्यावर मी लाजून "हो" म्हणायला लागले, तर त्याच म्हणाल्या, "अभी झूठ सीखा."

फोन त्यांच्याकडंच होता. माझ्या माहेरी फोन नव्हता. मळ्याच्या नाक्यावर एक किराणा दुकान होतं, त्याचा नंबर आमचा पी.पी. नंबर. दुकानदार काका निरोप पोचवायचे. आणि इकडं भाऊ त्याच नाक्यावरून अम्मांकडं फोन करायचा.

दसरा तोंडावर आला होता. मी बाजारातून आले तर अम्मा दारातच उभ्या.

"तुम्हारा तम्मा फोन किया." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, एवढं मला कळत होतं. "अक्का का दुकान..." आणि त्यांनी दोन्ही हात बाजूला लांबवले, जेवढे जातील तेवढे. "बड़ा! बड़ा किया!"

माझा जीव आधी खाली गेला आणि मग एकदम वर आला. अक्काच्या फळीशेजारी एका म्हाताऱ्याची नारळाची जागा होती. तो गावी जायचं म्हणत होता, आणि अक्काला ती जागा फार दिवसांपासून हवी होती. म्हणायची, हाताला जरा पसरायला होईल. मिळाली असणार! तीही दसऱ्याच्या आधी! मी तशीच कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, म्हैसूरपाक आणला आणि गल्लीत वाटला. ज्या बायकांशी कधी बोलले नव्हते त्यांच्या हातावर ठेवला. "अक्का, दुकान, बड़ा," म्हणत अम्मांसारखेच हात लांबवून दाखवले. सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या गावात आल्यापासून इतक्या माणसांशी मी पहिल्यांदाच बोलत होते.

मग पी.पी. नंबरला फोन लावला. लाईन खराब, नुसती खरखर. मी ओरडले, "काका, अक्काला सांगा, निरोप मिळाला! मला लय आनंद झाला!" तिकडून काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही आणि फोन कटला.

त्यानंतर भावाचा फोन नाही. मला वाटलं, दसऱ्याची घाई असेल.

हे तेव्हा माल घेऊन पुढे कुठंतरी गेले होते. मी एकटी आहे म्हणून अम्मांनी मला दुपारी जेवायला खाली बोलावलं. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी वाढते. केळीची पानं मांडली. मी भात वाढला, सांबाराचं भांडं घेतलं. अम्मा पानाकडं बघत होत्या, जेवत नव्हत्या.

"मगळे," त्या म्हणाल्या. त्या मला मगळेच म्हणायच्या, म्हणजे लेकी. "एक बात. तम्मा फोन में रोता था. खुशी का बात, रोता क्यों?"

"रोता था?"

"हां. आदमी का रोना मालूम पड़ता."

"अम्मा, तो काय बोलला? जैसा बोला वैसाच बोलो. आपना हिंदी मत करो."

अम्मांनी डोळे मिटले. शाळेतल्या मुलीसारखं आठवून आठवून म्हणाल्या, "अक्का ने... दुकान... बढ़ाया."

सांबाराचा डाव माझ्या हातात होता. तो तसाच राहिला. बढ़ाया. भावानं अक्काचा शब्द जसाच्या तसा उचलून हिंदीत घातला होता. वाढवलं. दसऱ्याच्या तोंडावर, झेंडूच्या ऐन दिवसांत, अक्कानं दुकान वाढवलं. रोज संध्याकाळी वाढवायची त्याचा कोणी बंगलोरला फोन करत नाही. भावाला वाटलं, एवढं म्हटलं की ताईला सगळं कळेल. कळलंच असतं, पण तो शब्द अम्मांच्या लांबवलेल्या हातांतून माझ्यापर्यंत आला होता.

पुन्हा पी.पी. नंबर लावला. या वेळी लाईन स्वच्छ.

"अहो ताई," दुकानदार काका म्हणाले, "अक्का लय आजारी हाये. पोटाचं दुखणं. डॉक्टर म्हणले घरी न्या. आन् मी तर तुमचा निरोप सांगून आलो, ताईला लय आनंद झाला म्हणून!"

मी अम्मांच्या जमिनीवर बसले. हे कुठं आहेत ते वखारीतल्या माणसांनाही नक्की सांगता येईना. एकटीनं आगगाडीनं मी कधी गेले नव्हते. गाडी कोणती, मनमाड कधी येतं, झोप लागली आणि पुढं निघून गेले तर? हे सगळं मी मराठीत बोलत होते, हे मला नंतर कळलं. अम्मांनी एक अक्षर समजून न घेता ऐकलं, उठल्या आणि यजमानांना काहीतरी म्हणाल्या. यजमानांनी पेपर खाली ठेवला. आवाज चढला. अम्मांनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडं, म्हणजे करून खा नाहीतर तिथं जेवा. यजमानांनी पेपर परत तोंडासमोर धरला. अम्मांनी पिशवी भरायला घेतली.

"आप किधर?" मी विचारलं.

"तेरे साथ."

गाडीत मी खिडकीशी आणि अम्मा माझ्या शेजारी. प्रत्येक स्टेशनवर मी उठून पाटी वाचायची, अम्मा माझा पदर धरून खाली बसवायच्या. जिवंत असेल का? असेल तर ओळखेल का? "लय आनंद झाला" हे ऐकून तिला काय वाटलं असेल? डोक्यात तेच गिरणीच्या पट्ट्यासारखं फिरत होतं. सोलापूर मागे पडल्यावर आपल्या भाषेतली माणसं डब्यात चढायला लागली, तेव्हा मला रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

तेव्हा अम्मांनी त्यांचं सांगितलं. तुटकं, थांबत थांबत. त्यांचं माहेर शिमोग्याच्या पुढे, नदीकाठी, सुपारीच्या बागेत. लग्नानंतर फार जाणं झालं नाही. आई आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा घरात पाहुणे होते. सासूबाईंनी निरोप ठेवून घेतला आणि पाहुणे गेल्यावर सांगितला. "मैं गया नहीं," अम्मा म्हणाल्या. "माँ गया. बाद में क्या जाना. अभी तक नहीं गया." आणि लगेच डबा उघडून म्हणाल्या, "ऊटा माडु." जेव.

मनमाडला उतरून आम्ही नाशिकची एसटी धरली. मळ्यात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. ओसरीत भिंतीला टेकवून बाजारातली फळी उभी केलेली. फळीच्या वरच्या कडेवर एक झेंडू ठेवलेला. तो ताजा होता. म्हणजे कोणीतरी रोज बदलत होतं.

भाऊ बाहेर आला. माझ्याकडं बघून म्हणाला, "आलीस? झाला का आनंद?"

आतून आवाज आला, बारीक झालेला, पण अक्काचाच. "कोण हाय रं? लय आनंद झालेली आली का?"

ती खाटेवर होती. एवढीशी झालेली. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. शब्द कसा हिंदीतून फिरून आला, मी म्हैसूरपाक कसा वाटला, हात कसे लांबवून दाखवले. अक्का हसायला लागली. हसताना दुखत होतं तिला, पोटावर हात धरून हसत होती.

"म्हंजी माझ्या दुकानाचे तू पेढे वाटले! बरं केलं. जग म्हातारीच्या नावानं रडतं, माझ्या नावानं त्वांड तरी गोड झालं कुनाचं."

भाऊ दारात उभा होता. तोही हसला, आणि मग मागं वळून हौदाकडं गेला.

अम्मा बाजूला अवघडून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, खाटेजवळ टेकल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "अक्का."

अक्का माझ्याकडं वळली. "ही मला अक्का कशी म्हणती? तू शिकवलं व्हय?"

"त्यांच्या भाषेत पण मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात."

"मंग भाषा येगळी कशाला केली यांनी?"

पुढचे काही दिवस अम्मा आमच्या मळ्यात राहिल्या. भाकरी खाताना त्यांचा जबडा दुखायचा, पण मागून घ्यायच्या. अक्काला त्या एकदा तरी विचारायच्याच, "ऊटा आय्ता?" आणि अक्का मराठीत उत्तर द्यायची, "कुठलं ऊट, बाई, पानी बी उतरत नाय." दोघी आपापल्या भाषेत तासच्या तास बोलायच्या. मी मध्ये दुभाषी व्हायला गेले तर अक्का म्हणाली, "तू गप. तुझ्या दुभाषीपणाचे पेढे खाल्लेत आमी."

एका सकाळी अम्मा विहिरीकडं गेल्या आणि केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट घेऊन आल्या. ते भिजवून त्याच्या दोऱ्यासारख्या बारीक चिरफळ्या काढल्या. ओसरीत पांढऱ्या बारीक शेवंतीची टोपली होती. ती घेऊन त्या अक्काच्या खाटेवरच बसल्या आणि वेणी बांधायला लागल्या. दोन फुलं इकडं, दोन तिकडं, बोटाला वळसा, गाठ. अक्काचे डोळे त्या बोटांवर खिळले.

"सुई कुठंय हिची?"

"सुई नाही लागत त्यांना."

"हळू कर म्हणावं जरा. दिसत नाय."

अम्मांना कसं कळलं कोण जाणे, त्यांचा हात हळू झाला. मग त्यांनी सोपटाचं टोक अक्काच्या बोटांत दिलं. आयुष्यभर सुईनं हार केलेली ती बोटं दोन-तीनदा चुकली. चौथ्या-पाचव्या खेपेला गाठ बसली. अक्कानं ती ओढून बघितली, सुटली नाही. तिचं तोंड लहान मुलीसारखं झालं होतं.

वेणी पुरी झाली. मला वाटलं, अम्मा ती स्वतःच्या केसात घालतील. त्यांची अबोली गाडीतच सुकली होती. अम्मा उठल्या, अक्काचा विस्कटलेला अंबाडा नीट केला आणि ती वेणी तिच्या केसात माळली.

खोलीत शेजारच्या दोन बायका भेटायला आलेल्या होत्या. त्यांच्यातली एक "अगं बाई!" म्हणाली. दुसरीनं पदर तोंडाला लावला. वडील दारात उभे होते, ते जागच्या जागी थिजले. अक्काचं मोकळं कपाळ, मोकळे हात, आणि केसात पांढरीशुभ्र वेणी. मी उठून काढायला पुढे झाले.

अक्कानं हात वर केला. आधी मला वाटलं, तीच झटकणार. तिनं बोटांनी वेणी चाचपली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांच्याकडं चालत असंल."

मग त्या बायकांकडं बघून म्हणाली, "काय बघता? सुईबिगर बांधलीय."

त्यांच्याकडंही चालत नाही. त्या गल्लीत मी पुढे इतकी वर्षं काढली, मला माहीत आहे. आणि अम्मांना समजलं नसेल असंही मला वाटत नाही. कपाळ काय कुठल्या भाषेत असतं? पण मी त्यांना कधी विचारलं नाही. अक्कानंही कधी विचारलं नाही. दिवसभर ती वेणी तिच्या केसात होती. संध्याकाळी तिनंच मला काढायला सांगितली. "आता वाढव," म्हणाली.

अम्मांना दुसऱ्या दिवशी भाऊ मनमाडला गाडीत बसवून आला. फोनवर सरळ सांगितलं नाही म्हणून त्यानं त्यांच्या पाया पडून माफी मागितली म्हणे. अम्मांना वाटलं, इकडं गाडीत बसवताना पाया पडायची पद्धत असेल.

मी राहिले. दसरा झाला. आमच्या मळ्यातला झेंडू त्या वर्षी दुसऱ्यांनी तोडून बाजारात नेला. दिवाळीच्या आधी एका दुपारी अक्का गेली. मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते, आणि एक चमचा तिनं घेतला नाही. सगळ्या संपण्याला तिच्याकडं एक शब्द होता. तिच्या वेळी तो कोणाच्या तोंडातून निघाला नाही. "गेली," एवढंच म्हणाले सगळे. फळीवर मी झेंडू ठेवायला गेले, तर भावानं आधीच ठेवलेला होता.

परत बंगलोरला आले तेव्हा गल्लीतल्या बायका मला ओळखायला लागल्या होत्या. म्हैसूरपाकवाली म्हणून. त्यांनी हात लांबवून विचारलं, दुकान? मला कानडीत सांगता येत नव्हतं. मी पण हात लांबवले, आणि मग जवळ आणले, आणि तळवे एकमेकांवर ठेवले. त्यांना कळलं.

आता मला कानडी येतं. अम्मांनीच शिकवलं. पण ज्या घरात ते शिकले ते घर राहिलं नाही. यजमान गेले, घर विकलं, अम्मा हुबळीला मुलीकडं गेल्या. आम्ही दुसरीकडं खोली घेतली. हे अजून वखारीवरच आहेत, आणि मी अजून कुलूप लावून पुन्हा ओढून बघते. मखमलाबाद रस्त्याला आता इमारती झाल्या. मळ्याचा एक तुकडा राहिलाय, भाऊ तिथं शेवंती लावतो. सराफ बाजारातल्या अक्काच्या जागेवर मोबाईलच्या कव्हरांची गाडी लागते. नाशकात गेले तर मला कोणाकडं जावं ते कळत नाही, आणि इथं कोणी माझं मराठी ऐकायला नाही. मोबाईल आलाय खरा, पण जिला लावावा असं वाटतं तिचा नंबरच नाही.

अम्मांना मात्र अधूनमधून फोन करते. त्यांना आता कमी ऐकू येतं. मी ओरडून विचारते, "ऊटा आय्ता?" त्या म्हणतात, "झूठ नहीं बोलेगा. नहीं हुआ." मग दोघी हसतो. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या, गुडघे गेलेत, आता कुठं जाणं नाही.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण इथं लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. शिमोग्याच्या पुढे, नदीकाठी, सुपारीच्या बागेत अम्मांचं माहेर आहे. घर असेल नसेल, माणसं ओळखतील न ओळखतील. नदी तर असेल. मी हुबळीला जाणार, त्यांची पिशवी मी भरणार, आणि त्यांना घेऊन जाणार. जावई कुरकुरले तर त्यांना कोपऱ्यावरचं हॉटेल दाखवीन. गाडीत खिडकीची जागा अम्मांची. त्या प्रत्येक स्टेशनवर उठायला लागल्या तर पदर धरून खाली बसवायला मी शेजारी असेन.